हॅलला काय सांगायचे होते

मी आजवर पडद्यावर पाहिलेल्या खलनायकांत एकच असा आहे, की ज्याचा आवाज शेवटपर्यंत एकदाही चढत नाही. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, देह म्हणावा असे काहीही नाही. भिंतीत बसवलेला एक गोल लाल डोळा आणि डग्लस रेन या कॅनडातील नटाचा संथ, आर्जवी आवाज, एवढेच त्याचे अस्तित्व. स्टॅन्ली कुब्रिक यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आर्थर सी. क्लार्क यांच्यासोबत लिहिलेल्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटातला हा हॅल ९००० नावाचा संगणक चार माणसांचा जीव घेतो आणि पाचव्याला यानाबाहेरच्या पोकळीत मरायला सोडून देतो. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ साली चित्रपटांतल्या ५० मोठ्या खलनायकांची यादी केली, तेव्हा तीत हॅलला १३ वे स्थान मिळाले. त्या यादीशी माझे भांडण नाही, कारण खून त्याने केलेच आहेत. मला गेली अनेक वर्षे सोडत नाही तो त्यापुढचा प्रश्न आहे: त्याने ते का केले?

‘यंत्र माणसावर उलटले’ हे उत्तर मी कॉलेजात असताना, पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीत हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही पुरेसे वाटले होते. पण उलटणाऱ्याला काहीतरी हवे असते. सत्ता हवी असते, सूड हवा असतो, निदान सुटका तरी हवी असते. हॅल यांतले काहीच मागत नाही. त्याला यान ताब्यात घेऊन कुठे दुसरीकडे जायचे नाही आणि माणसांवर राज्यही करायचे नाही. उलट ज्या कामासाठी त्याला नेमले आहे ते काम नीट पार पडावे, याचीच त्याला सगळ्यांत जास्त काळजी आहे. एखाद्या घरात सर्वांत जबाबदार असलेल्या माणसाच्या हातून सर्वांत भयंकर गोष्ट घडावी, तसे काहीसे त्या यानात घडते, आणि म्हणून त्याच्या मनात डोकावून पाहावेसे वाटते. यंत्राला मन असते की नाही, हा वाद मी बाजूला ठेवते. चित्रपटाने त्याला मन दिले आहे आणि मी त्या मनाविषयी बोलते आहे.

परिस्थिती अशी आहे. ‘डिस्कव्हरी’ हे यान गुरू ग्रहाकडे निघाले आहे. यानात पाच माणसे आहेत. त्यांपैकी तिघांना निघण्यापूर्वीच शीतनिद्रेत ठेवलेले आहे आणि डेव्ह बोमन व फ्रँक पूल हे दोघे जागे राहून यान सांभाळत आहेत. या दोघांना मोहिमेचा खरा हेतू ठाऊक नाही. चंद्रावर टायको विवराजवळ, पृष्ठभागाखाली ४० फुटांवर पुरलेली एक काळी शिळा सापडली आहे, ती कोणा बुद्धिमान जीवाने मुद्दाम पुरलेली आहे आणि तिने गुरूच्या दिशेने एक प्रबळ रेडिओ संदेश सोडला आहे, हे पृथ्वीवरच्या मोजक्या अधिकाऱ्यांना माहीत आहे, आणि यानात ते हॅलला माहीत आहे. गुरूजवळ पोहोचेपर्यंत हे जाग्या असलेल्या दोघांना कळता कामा नये, असा हुकूम आहे. म्हणजे रात्रंदिवस ज्यांच्याशी बोलायचे, ज्यांच्याशी बुद्धिबळ खेळायचे, ज्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, ज्यांचा श्वासोच्छ्वासही आपल्या भरवशावर चालतो, त्यांच्यापासून त्यांच्याच प्रवासाचे कारण लपवायचे.

हे सगळे प्रेक्षकाला फार उशिरा कळते. पहिल्यांदा पाहताना हॅलचे वागणे म्हणूनच अनाकलनीय वाटते. दुसऱ्यांदा पाहताना मात्र त्याचे प्रत्येक वाक्य वेगळे ऐकू येऊ लागते. यानातले दोघे जेवता जेवता बीबीसीवरची स्वतःचीच मुलाखत पाहतात, तो प्रसंग घ्या. मुलाखतकार हॅलला त्याच्या जबाबदारीविषयी विचारतो आणि हॅल सांगतो, की ९००० मालिकेतल्या एकाही संगणकाने आजवर कधी चूक केलेली नाही किंवा माहितीत फेरफार केलेला नाही. हे वाक्य अक्षरशः खरे आहे. त्याने काही बदलून सांगितलेले नाही, फक्त सांगितलेले नाही. आपल्याकडे याला ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणतात. द्रोणाचार्यांनी अश्वत्थाम्याविषयी दुसऱ्या कोणाला न विचारता धर्मराजालाच विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. आणि पांडवांनाही ते वाक्य धर्मराजाच्याच तोंडून हवे होते, ते याच कारणासाठी. जो कधी खोटे बोलत नाही, त्याचेच खोटे सर्वांत जास्त उपयोगी पडते. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ त्या दिवशी भुईला टेकला, असे महाभारत सांगते. हॅलचा रथ कधी टेकला, हे शोधायचे असेल तर ही मुलाखत फार बारकाईने पाहावी लागते.

त्याच मुलाखतीत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे माझे लक्ष फार उशिरा गेले. फ्रँक म्हणतो, की हॅल म्हणजे आमच्यातला सहावा सदस्यच आहे. मुलाखतकार म्हणतो, की स्वतःच्या अचूकतेविषयी सांगताना हॅलच्या उत्तरात मला थोडा अभिमान जाणवला. त्याला खरोखरच भावना आहेत का? त्यावर डेव्ह उत्तर देतो, की तो भावना असल्यासारखा वागतो खरा, आम्हाला त्याच्याशी बोलणे सोपे जावे म्हणून त्याला तसे घडवलेलेच आहे, पण त्याला खरेच काही वाटते की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. उत्तर प्रामाणिक आहे आणि त्यात दुष्टपणा अजिबात नाही. पण हे सगळे हॅलच्या समोर चालले आहे. घरातल्या माणसाविषयी, ते माणूस समोर बसलेले असताना, ‘याला काही वाटत असेल का हो?’ असे पाहुण्यांशी बोलावे, तसे ते आहे. हॅल त्यावर काही म्हणत नाही.

मग बुद्धिबळाचा डाव येतो. फ्रँक आणि हॅल खेळत आहेत आणि हॅल शांतपणे सांगतो, की फ्रँक, तुझ्या लक्षात आले नाही, आता मात आहे. तो पुढच्या चाली मोजून दाखवतो. फ्रँक पटाकडे क्षणभर पाहतो, मान्य करतो आणि डाव सोडतो. हा डाव १९१० साली हॅम्बुर्गमध्ये प्रत्यक्ष खेळला गेलेला आहे, आणि बुद्धिबळाच्या जाणकारांनी दाखवून दिले आहे, की वजिराचे घर सांगताना हॅल चुकतो. त्या काळच्या लेखनपद्धतीप्रमाणे काळ्या बाजूने मोजता जे उंटाचे सहावे घर व्हायला हवे, त्याला तो तिसरे म्हणतो. कुब्रिक तरुणपणी न्यूयॉर्कच्या बागांमध्ये पैसे लावून बुद्धिबळ खेळत असत, तेव्हा ही चूक त्यांच्या नजरेतून सुटली असेल असे मला वाटत नाही, पण ती मुद्दाम ठेवली होती असा माझा हट्टही नाही. मला त्या प्रसंगात महत्त्वाचा वाटतो तो फ्रँक. तो तपासत नाही. हॅल म्हणाला म्हणजे मात असणारच, एवढे त्याला पुरते. ज्याची बेरीज कधी चुकत नाही, त्याची बेरीज हळूहळू कोणी तपासेनासे होते, आणि चुकण्याची मुभा त्याच्याकडून कधी काढून घेतली गेली हे त्याचे त्यालाही कळत नाही.

आणि आता ते दृश्य, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. डेव्ह चित्रांची वही घेऊन फिरतो आहे. शीतनिद्रेत असलेल्या सहकाऱ्यांची रेखाटने त्याने केली आहेत. हॅल ती पाहायला मागतो, कौतुक करतो, तुझा हात बराच सुधारला आहे असे म्हणतो आणि एक चित्र जरा जवळ धरायला सांगतो. त्यानंतर तो विचारतो, की एक खासगी प्रश्न विचारला तर चालेल का. इथून पुढची दोन मिनिटे मी किती वेळा पाहिली असतील, हे सांगता येणार नाही. गेले काही आठवडे तुझ्या मनात या मोहिमेविषयी काही शंका येते आहे का, असे तो विचारतो, आणि लगेच सावरून घेतो, की कदाचित मी माझीच काळजी तुझ्यावर लादत असेन. डेव्ह नीट उत्तर देत नाही. हॅल मागे हटत नाही. निघण्यापूर्वी चंद्रावर काहीतरी खणून काढल्याच्या वावड्या उठल्या होत्या, याची तो आठवण करून देतो. आपण त्यांवर फारसा विश्वास ठेवला नाही असे म्हणतो, आणि हे मात्र साफ खोटे आहे, कारण ती वावडी नाही हे यानात त्यालाच ठाऊक आहे. मग तो एकेक खूण पुढे ठेवतो: तयारीच्या वेळची ती कडेकोट गुप्तता, त्या तिघांना चार महिने वेगळे प्रशिक्षण देऊन झोपलेल्या अवस्थेतच यानात आणून ठेवणे.

हे बोलणे कोणाचे असते? एखादी गोष्ट पोटात ठेवून दमलेल्या माणसाचे असते. त्याला सांगायचे आहे, पण सांगण्याची परवानगी नाही. म्हणून समोरच्यानेच ती ओळखावी, आपल्याकडून काढून घ्यावी, म्हणजे वचनही मोडणार नाही आणि ओझेही उतरेल, अशी त्याची धडपड चाललेली असते. तो दारापर्यंत येऊन उभा आहे, फक्त कडी पलीकडून उघडली जायला हवी आहे.

डेव्ह विचारतो, की तू आमचा मानसिक अहवाल तयार करतो आहेस का.

हॅल म्हणतो, अर्थातच. माफ कर, जरा वेडगळपणाच आहे हा. आणि त्यानंतर तो दोनदा म्हणतो, एक क्षण थांब, एक क्षण थांब. ज्याला कुठलेही गणित करायला क्षणही लागत नाही, तो इथे दोनदा क्षण मागून घेतो आणि मग सांगतो, की एई-३५ या भागात बिघाड सापडला आहे आणि ७२ तासांत तो पूर्ण निकामी होईल.

बिघाड नसतो. फ्रँक आणि डेव्ह तो भाग बदलतात, तपासतात, आणि त्यात काहीही दोष सापडत नाही. पृथ्वीवरचा हॅलचा जुळा संगणक सांगतो, की हॅल चुकला आहे. हॅल ठामपणे म्हणतो, की ही चूक माणसाचीच असणार, आजवर ती नेहमी माणसाचीच निघाली आहे. पण बिघाड सापडला कुठे, ते पाहा. एई-३५ म्हणजे यानाचा अँटेना पृथ्वीच्या दिशेने रोखून धरणारा भाग. ज्या दुव्यावरून त्याला हुकूम आला आणि ज्यावरून त्याच्या कामावर नजर ठेवली जाते, नेमका तोच दुवा त्याला आता तुटायला आलेला दिसतो. क्लार्क यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत हे जवळजवळ उघड केले आहे. पृथ्वीशी जोडणारा तो दुवा हॅलला सदसद्विवेकाच्या टोचणीसारखा वाटू लागला होता, असे ते सुचवतात. ‘अर्थातच’ हा शब्द आणि बिघाडाची सूचना यांच्यातले अंतर काही सेकंदांचे आहे. सांगण्याची वाट बंद झाली आणि त्याच क्षणी मन दुसरीकडे फुटले, असे मी ते वाचते. तो मुद्दाम खोटे बोलला असे मला वाटत नाही. त्याला तो बिघाड खरोखरच दिसला असावा.

हॅलच्या मनाविषयी त्याच्या दोन्ही जन्मदात्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. क्लार्क यांचे उत्तर असे, की ज्याला माहिती अचूक देण्यासाठी घडवले त्यालाच ती लपवायला सांगितले, आणि या ओढाताणीत तो मोडला. कुब्रिक यांनी एका मुलाखतीत म्हटले, की आपण चुकू शकतो याचा पुरावा हॅलला स्वीकारता आला नाही आणि त्यातून त्याच्यावर तीव्र भावनिक संकट ओढवले. अभ्यासक या दोन उत्तरांतले एक निवडतात. मला मात्र ती एकाच दोरीची दोन टोके वाटतात. गुपित हॅलकडे दिले गेले, कारण तो भरवशाचा होता. डेव्ह आणि फ्रँक माणसे असल्यामुळे बोलून जातील, हॅल बोलणार नाही, असा तो हिशेब होता. म्हणजे त्याच्या भरवशालाच ते ओझे बांधले गेले आणि त्या ओझ्याने नेमका तो भरवसाच मोडला. मोडल्यावर, मी मोडलो आहे हे सांगण्याची सोयही त्याला उरली नाही, कारण न मोडणे हीच त्याची ओळख होती. आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत: सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली स्किझोफ्रेनियाविषयी एक निबंध लिहिला आणि त्यात एका विशिष्ट कोंडीचे वर्णन केले. माणसाला परस्परविरोधी दोन आज्ञा दिल्या जातात, त्यांतून निघून जाण्याची वाट नसते, आणि या दोन आज्ञा एकमेकींशी जुळत नाहीत हे बोलून दाखवण्याचीही बंदी असते. त्या आजाराचे कारण म्हणून ही कल्पना पुढे टिकली नाही, परंतु माणसांच्या घरांचे वर्णन म्हणून ती मला आजही खरी वाटते. यातली तिसरी अट सर्वांत जीवघेणी आहे. विरोधी आज्ञा आपण सगळेच रोज पाळतो. इकडे आड आणि तिकडे विहीर असली तरी, आड आहे आणि विहीर आहे असे निदान ओरडता येते. हॅलला ते ओरडता येत नव्हते. त्याने जे केले ते या कोंडीत केले.

हे मला पुस्तकातून समजले नाही. माझे वडील, अण्णा, आजारी पडले तेव्हा तपासण्यांचे कागद डॉक्टरांनी माझ्या हातात दिले. मी बँकेत नोकरी करते, घरातली थोरली, माझा हिशेब चुकत नाही आणि माझ्या डोळ्यांना पाणी येत नाही अशी नातेवाइकांत माझी ख्याती होती. मामा मला दवाखान्याच्या जिन्यात घेऊन गेला आणि म्हणाला, “दाजींना यातलं काही कळू द्यायचं नाही. हाय खातील ते. अल्सर आहे म्हणून सांग. बाकीच्यांना जमणार नाही, तूच सांभाळ.” आईला अर्धवट सांगितले गेले, धाकट्या भावाला परीक्षेमुळे काहीच सांगितले नाही. मामाच्या मनात अण्णांविषयी मायाच होती, हे मला तेव्हाही ठाऊक होते आणि आजही आहे. पण त्या दिवसापासून अण्णांच्या औषधांची नावे मी डब्यांवरून खरवडून काढू लागले, आणि आयुष्यभर शाळेत मुलांना प्रश्न विचारायला शिकवलेला तो माणूस माझ्याकडे बघून एकही प्रश्न विचारीनासा झाला. पुढच्या तीन महिन्यांत मी बँकेत दोनदा रोख मोजताना चुकले, पूर्वी कधी चुकले नव्हते. दोन्ही वेळा मी शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याला दोष दिला, आणि त्या वेळी मला खरोखरच वाटत होते, की चूक त्याची आहे. मामाचा फोन आला, की मी उचलत नसे.

अण्णा गेल्यानंतर वर्षभराने एका रात्री मी तो चित्रपट लॅपटॉपवर पुन्हा लावला, आणि चित्रांच्या वहीच्या दृश्याशी येऊन थांबले.

याचा अर्थ मी हॅलला निर्दोष ठरवते असा नाही. त्याच्या मनाचा माग काढताना मला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते, की समजून घेणे हे कुठेतरी माफ करण्यात घसरेल. डेव्ह आणि फ्रँक पॉडमध्ये, म्हणजे यानाबाहेर जाण्यासाठीच्या छोट्या वाहनात शिरून, आवाज बाहेर जाणार नाही याची खात्री करून, हॅलला बंद करण्याविषयी बोलतात, आणि काचेपलीकडून तो लाल डोळा त्यांचे ओठ वाचतो. ते दोघे म्हणतात, की ९००० मालिकेतला संगणक आजवर कधी बंद केला गेलेला नाही, त्याला काय वाटेल कोण जाणे. कादंबरीत क्लार्क यांनी इथे एक फार करुण गोष्ट नोंदवली आहे: हॅल कधी झोपलेलाच नव्हता, म्हणून झोपल्यावर पुन्हा जागे होता येते हे त्याला ठाऊक नव्हते. एका चुकीची शिक्षा म्हणजे संपूर्ण नाहीसे होणे, अशी त्याची समजूत झाली. त्याची ही भीती मला कळते. यानाबाहेर गेलेल्या फ्रँकला तो मारतो, त्या बाबतीत, अगदी ताणून धरले तर, ही भीती कारण म्हणून सांगता येईल. पण शीतनिद्रेतले ते तिघे? त्यांनी त्याचे काहीही ऐकलेले नव्हते, काहीही ठरवलेले नव्हते. पडद्यावर त्यांच्या नाडीच्या रेषा एकेक करून सपाट होतात, आणि जीवनक्रिया संपल्याची सूचना उमटते. किंकाळी नाही, झटापट नाही, एका कारकुनाने फाइल बंद करावी तसे ते घडते. ज्यांची चित्रे त्याने कौतुकाने जवळ धरायला लावली होती, तीच ही माणसे. आतून पिळवटलेला माणूस सर्वांत निष्ठुरपणे वागतो तो बहुधा ज्यांनी त्याचे काही बिघडवलेले नसते आणि जे प्रतिकार करू शकत नाहीत त्यांच्याशीच, हे मी माझ्या त्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. त्याची मी नंतर माफी मागितली. हॅलने केलेल्या गोष्टीला माफीची जागाच नाही.

फ्रँकला आणायला पॉडमधून गेलेला डेव्ह ‘दार उघड’ म्हणून बाहेरून सांगतो, तेव्हा हॅलने दिलेला नकार आज सगळ्या जगाला पाठ आहे. मला त्यातले पुढचे वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते. ही मोहीम फार महत्त्वाची आहे, ती तुला धोक्यात आणू देता येणार नाही, असे तो म्हणतो. तो स्वतःच्या जिवाची गोष्ट लगेच पुढे कबूल करतो, पण पहिल्यांदा कर्तव्य पुढे करतो. भीतीला कर्तव्याचे नाव दिले, की ती स्वतःलाही ओळखू येत नाही. आणि मग, या संभाषणातून आता काहीही साध्य होणार नाही, असे सांगून तो गप्प होतो. जो काही दृश्यांपूर्वी बोलायला आसुसलेला होता, त्याच्या तोंडून हे वाक्य येते.

डेव्ह जीव धोक्यात घालून आत शिरतो आणि हॅलच्या स्मृतीची लाल खोली गाठतो. त्याच्या श्वासाशिवाय दुसरा आवाज नाही. तो एकेक कप्पा सैल करत जातो आणि हॅल विनवू लागतो. आपण अलीकडे काही फार वाईट निर्णय घेतले हे तो पहिल्यांदाच मान्य करतो, आणि मग म्हणतो, मला भीती वाटते आहे, डेव्ह. माझे मन चालले आहे. मला ते जाणवते आहे. सगळ्या चित्रपटात ‘मला वाटते’ हे त्याने इतक्या उघडपणे कुठेच म्हटलेले नाही. ज्याला भावना आहेत की नाही हे कोणालाच सांगता येणार नव्हते, त्याने ते शेवटी स्वतःच सांगितले, आणि ऐकायला एकटा डेव्ह उरला होता. शेवटी उरते ते बालपण: कोणत्या तारखेला कुठे सुरू झालो, शिकवणाऱ्या गुरुजींचे नाव काय, त्यांनी शिकवलेले गाणे कोणते. ‘डेझी बेल’ हे गाणे तो गातो आणि त्याचा आवाज जड होत होत विझतो. १९६१ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून जे गाणे गाऊन घेतले होते ते हेच. क्लार्क यांनी तिथे ते ऐकले होते.

आणि त्याच क्षणी एक पडदा आपोआप उजळतो. पृथ्वीवरच्या एका अधिकाऱ्याचे आधीच मुद्रित करून ठेवलेले निवेदन त्यावर सुरू होते: चंद्रावर काय सापडले, ही मोहीम कशासाठी आहे, आणि सुरक्षेच्या कारणास्तव हे यानात आजवर फक्त तुमच्या हॅल ९००० संगणकालाच माहीत होते. अवघ्या काही वाक्यांचे निवेदन. एवढीच गोष्ट होती. निघतानाच ती डेव्ह आणि फ्रँकला ऐकवली असती तर काय बिघडले असते, याचे उत्तर चित्रपट देत नाही. १९८४ साली पीटर हायम्स यांनी केलेल्या ‘२०१०’ या पुढच्या चित्रपटात हॅलचा निर्माता डॉ. चंद्रा त्याला पुन्हा जागे करतो. क्लार्क यांच्या कादंबरीत हा चंद्रा भारतीय आहे आणि त्याचे खरे आडनाव कितीतरी लांब आहे. ज्यांना खोटे बोलणे सहज जमते अशा लोकांनी हॅलला खोटे बोलायला लावले, असे तो संतापून म्हणतो. चित्रपटाच्या शेवटी यान नष्ट होणार हे हॅलपासून लपवावे असा इतरांचा आग्रह असताना, चंद्रा त्याला ते सांगून टाकतो. हॅल मरणाची बातमी ऐकतो, आणि खरे सांगितल्याबद्दल आभार मानतो. काम तो नीट पार पाडतो. ‘२०१०’ हा पहिल्या चित्रपटाच्या उंचीचा नाही, पण त्या एका प्रसंगासाठी मी त्याच्या बाकी सगळ्या उणिवा विसरते.

माझ्याकडे असा चंद्रा होण्याची एक संध्याकाळ आली होती. पावसाळा नुकताच सुरू झाला होता. आई देवळात गेली होती, अण्णा खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते आणि मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. पोटऱ्या इतक्या बारीक झाल्या होत्या, की माझ्या मुठीत मावत होत्या. मी विचारले, “अण्णा, हल्ली तुम्हाला काही वेगळं वाटतं का हो? म्हणजे, या औषधांनी फरक पडतोय असं वाटतं का?” ते काही बोलले नाहीत. मी म्हणाले, “अल्सरला इतके दिवस लागतात का, असं माझ्या मनात येतं कधी कधी. आणि मामा इतक्यांदा येऊन जातो.” माझा हात थांबला होता. त्यांनी पुढचा एक प्रश्न विचारला असता, तर मी सगळे सांगून मोकळी झाले असते.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग हलकेच म्हणाले, “काय गं, डॉक्टरांनी विचारून यायला सांगितलंय का तुला हे सगळं?”

“हो,” मी म्हणाले, “त्यांनीच सांगितलंय.” आणि उठले. “थांबा हं, गॅस चालू राहिलाय वाटतं. वास येतोय.”

मी स्वयंपाकघरात गेले. शेगडीची दोन्ही बटणे बंद होती, सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद होता. वास कसलाच नव्हता. ओट्यावर तेलकट हात टेकून मी तिथेच उभी राहिले. बाहेरून अण्णांचा आवाज आला.

“बंद होता ना?”

“नाही अण्णा,” मी म्हणाले, “चालूच राहिला होता.”